अधिक माहिती (असल्यास)

३ मार्च, सोमवार

करखात्याच्या मदतकेंद्रातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "काका, रोज काय दाबलं, काय दिसलं ते एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. अडलं तर मला सांगता येईल." म्हणून ही वही. दादाच्या कपाटातून काढली. पहिल्या चार पानांवर दातांच्या रंगांचे नंबर आहेत, त्याच्या अक्षरात. ती फाडली नाहीत. पाचव्या पानापासून माझं.

प्रकरण असं आहे. एक एप्रिलपासून आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांनीही आपलं उत्पन्न दर तीन महिन्यांनी खात्याच्या संकेतस्थळावरून कळवायचं. कागद चालणार नाही. आधी ही सक्ती आपल्याला लागू होते का ते तपासायचं, आणि होत असेल तर एकतीस मार्चच्या आत नोंदणी पूर्ण करायची. पत्र दादाच्या नावाने आलंय, कारण लॅब त्याच्या नावावर आहे. आम्ही दोघे भाऊ एकतीस वर्षं या घराच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवत आलो, पण कागदावर मी इथला कोणीच नाही. "दोघांचे दोन कागद कशाला?" असं दादा सुरुवातीला म्हणाला होता. मलाही ते बरंच वाटलं. कागदांचं मला पहिल्यापासून वावडं.

दादाला जाऊन दहा महिने होत आले. खात्याला कळवलेलं नाही. बिलांवर त्याची सही मीच करतो आणि ती हुबेहूब येते. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही करायचो, तो सराव कुठेतरी कामाला यायचाच होता.

४ मार्च, मंगळवार

संगणकावरचं आवरण काढलं. प्लॅस्टरची धूळ बसू नये म्हणून दादाने ते मापाने शिवून घेतलं होतं. पासवर्ड मेणाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला. मेण कोणता चोर उघडून बघणार, असं त्याचं म्हणणं.

आत गेलो. वर अक्षरं आली, 'नमस्कार', आणि पुढे दादाचं पूर्ण नाव. मी उगाच मागे वळून पाहिलं. मागे भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर जबडे. म्हणजे माणसांच्या तोंडांचे प्लॅस्टरचे साचे. काम झालं की ते फेकायचे असतात, पण दादा फेकायचा नाही. माणूस परत आला तर, म्हणायचा. त्यातली निम्मी माणसं आता परत येण्यातली राहिलेली नाहीत. एकतीस वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो आणि कधी काही वाटलं नाही. हल्ली वाटतं.

प्रश्न सोपे होते. धंदा स्वतःचा आहे का, किती वर्षांपासून, उत्पन्न ठरलेल्या रकमेच्या वर जातं का. उत्तर आलं, 'होय. ही सक्ती आपल्याला लागू होते.' चला, चारांपैकी पहिलं पान संपलं.

तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'आपला शेवटचा प्रवेश: काल, दुपारी २.५०.'

काल दुपारी दोन ते चार मी इथेच बाकावर झोपलो होतो. संगणक झाकलेला होता. लॅबचं दार मी आतून लावतो.

५ मार्च, बुधवार

मदतवालीला फोन केला. "अहो काका, एका खात्यात कुठूनही जाता येतं. घरात अजून कोणी बघत असेल."

म्हटलं, घरात बघणार कोण? वर वहिनी असतात. त्यांना धुलाईच्या यंत्राचं बटण दाबायचं झालं तरी परगावच्या लेकीला फोन करावा लागतो. मदतवाली हसली. "मग यंत्रणेची चूक असेल," म्हणाली. यंत्रणेची चूक हे बरं असतं, कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

वहिनींबद्दल लिहितो, कारण लिहायला बसलोच आहे. दादा गेल्यापासून आमचं बोलणं कामापुरतं. त्या वरून खाली येत नाहीत आणि मी वर जात नाही. दोन वेळा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ताट झाकून ठेवतात, पायरीवर दोनदा टकटक करतात आणि जातात. भांडण कसलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडणार कोणाशी. फक्त दर पंधरा दिवसांनी त्या जिन्यात थांबून एकच विचारतात, "भावोजी, शेवटी काय म्हणाले हो ते?" कारण त्या वेळी दादाजवळ मी एकटाच होतो.

मी सांगतो, "तुमचं नाव घेतलं." त्या मान हलवतात आणि वर जातात. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतात. सांगायला माझं काही जात नाही, पण त्यानंतर एक-दोन दिवस माझं जेवणात लक्ष लागत नाही. पित्त असावं.

७ मार्च, शुक्रवार

दुसरं पान उघडलं तर ते भरलेलं.

मी भरलेलं नाही, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. धंद्याचा प्रकार: कवळ्या व कृत्रिम दात बनवणे. पत्ता बरोबर. धंदा सुरू झाल्याची तारीख: ११ जून, आणि साल. माझ्या डोक्यात जूनचा शेवट होता. मग बोटं मोजली. दादाच्या लग्नानंतर नवव्या दिवशी आम्ही या खोलीत पहिलं प्लॅस्टर कालवलं होतं. म्हणजे अकराच. ही तारीख कुठल्याही कागदावर नाही. दादाशिवाय ती कोणाला माहीत असणार?

शेवटचा प्रवेश: काल, दुपारी २.५०.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. संगणकावर त्याहून नाही. पण दादाची एक सवय मला पक्की माहीत आहे. माझ्या हातून काम रेंगाळलं की तो काही न बोलता ते ओढून घ्यायचा आणि पुरं करून माझ्यासमोर ठेवायचा. आज खोलीत तसंच वाटत होतं. त्याचं स्टूल रिकामं आहे. मी त्यावर बसत नाही, सामानही ठेवत नाही. दिवसभर त्याच्याकडे न बघता काम केलं आणि एक दात उलटा लावला.

१० मार्च, सोमवार

आम्हाला सगळ्यात जास्त काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आज त्यांच्याकडे तयार कवळी पोचवायला गेलो. त्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी कडू येतंय.

"एक तारखेपासून तुमचा नोंदणी क्रमांक नसेल तर मला तुमच्याकडून काम घेता येणार नाही. माझंच बिल अडकेल," त्या म्हणाल्या. मग हळूच, "आणि तुमच्या भावाच्या नावाचं काय ते एकदा बघा. मी किती दिवस डोळेझाक करणार?"

इतर दोन डॉक्टरही हेच म्हणणार. म्हणजे एकतीस तारखेपर्यंत हे झालं नाही तर लॅब बंद. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण काय काम देणार? मला एवढंच येतं, तेही दादाच्या नजरेखाली.

घरी येऊन चौथं पान बघितलं. त्याचं नाव 'घोषणा'. पहिलाच प्रश्न: नोंदणीकृत मालक हयात / मयत. मी पान बंद केलं.

११ मार्च, मंगळवार

दुसऱ्या पानाच्या तळाशी एक मोठी रिकामी चौकट आहे. वर लिहिलंय, 'अधिक माहिती (असल्यास)'. मी तिच्यात टंकलं: दादा?

मग घाबरून पुसायला गेलो आणि चुकून जतन केलं. असो. हसतील त्यांचे दात दिसतील.

१२ मार्च, बुधवार

माझ्या शब्दाखाली एक ओळ आहे.

'जेवण गरम असताना खावं. झाकून ठेवलेलं तिसऱ्या पायरीवर गार होतं.'

तीनदा वाचली. हात प्लॅस्टरने माखलेले होते, तसेच मांडीवर ठेवून बसलो. रडू आलं, ते लिहायला लाज नाही. दादाला माझ्या जेवणाची कधीपासून काळजी? तो स्वतः उभ्या उभ्या जेवायचा, एका हातात ब्रश. आणि हे 'खावं' काय? मला जन्मभर अरे-तुरे केलं, गेल्यावर मान द्यायला लागला की काय.

टकटक झाल्याबरोबर जाऊन ताट उचललं. गरम होतं खरं.

१३ मार्च, गुरुवार

आज झोपलो नाही. अडीचपासून पडद्यासमोर बसलो. खोलीत भरपूर ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. दोन पन्नास झाले. पडद्यावर काही हललं नाही. वर वहिनी नेहमीप्रमाणे लेकीशी फोनवर बोलत होत्या, शब्द कळत नव्हते, नुसता सूर. एकदा "कुठे दाबू?" एवढं ऐकू आलं. धुलाईचं यंत्र पुन्हा अडलं असेल. माझं सगळं लक्ष पडद्याकडे.

तीन वाजता पान पुन्हा उघडलं. तिसरं पान भरलेलं होतं. चौकटीत नवी ओळ, 'पान ३ झालं. काम लांबवू नये.'

मी इथे, दार आतून बंद, डोळे उघडे. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही आणि पान भरलं. मागच्या फळ्यांवरचे सगळे जबडे मला हसतायत असं वाटलं, म्हणून त्यांच्यावर चादर टाकली.

१५ मार्च, शनिवार

परीक्षा घ्यायची ठरवली. डॉक्टरीणबाईंकडून एक वरची कवळी परत आली आहे. म्हातारबुवा बोलायला लागले की ती खाली पडते. चौकटीत लिहिलं: वरची कवळी बोलताना पडते. कुठे चुकलं?

१७ मार्च, सोमवार

'मागची कड बघावी. तिथे नेहमी घाई होते.'

बघितली. मागची कड आखूड घासली होती, मीच. आता बोला. जगात एकच माणूस होता ज्याला माहीत होतं की मी मागच्या कडेला घाई करतो. रोज रात्री वर जेवायला बसला की तो वहिनींजवळ हेच रडगाणं गायचा, खाली मला ऐकू यायचं. "मागची कड, मागची कड, किती वेळा सांगू ह्याला." एकतीस वर्षं.

आता शंका उरली नाही. भीतीही तितकी उरली नाही. सकाळी लॅब उघडताना "आलो रे" म्हणतो. कड वाढवून कवळी पोचवली. संध्याकाळी निरोप आला की म्हातारबुवांनी तासभर भाषण दिलं आणि कवळी हलली नाही.

मदतवालीचा फोन होता. "काका, तीन पानं झालेली दिसतायत. चौथं करून टाका, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, करतो. केलं नाही. 'मयत' दाबलं की दादाचं खातं बंद होतं आणि माझ्या नावाने नवं उघडतं, असं त्या प्रश्नाखालीच लिहिलं आहे. खातं बंद झालं की चौकटही जाणार. मग मी कोणाला विचारू?

'हयात' दाबता येईल. सही आहेच माझ्या हातात. कोण तपासायला येणार?

१९ मार्च, बुधवार

आज वहिनी जिन्यात थांबल्या. मी ताट उचलायला गेलो होतो. डोळे सुजलेले. "भावोजी, शेवटी काय म्हणाले ते?"

"तुमचं नाव घेतलं."

नेहमी मान हलवून जातात. आज गेल्या नाहीत. "नक्की?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या वर गेल्या.

जेवलो नाही. ज्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते सरळ चौकटीत लिहून टाकलं. इथेही उतरवतो, म्हणजे वहीत काही लपलेलं नको.

'दादा, पोटात राहत नाही म्हणून सांगतो. त्या दिवशी तू खांदा चोळत होतास. वर जाऊन पडतो म्हणालास. मी म्हटलं, एवढा या कवळीचा चावा बघून दे, मग जा. तू वरखालच्या दातांमध्ये निळा कागद धरून बघितलास आणि म्हणालास, खालची डावी दाढ उंच आहे, घास ती. मग स्टुलावर बसलास आणि संपलास. वहिनींना मी सांगितलं की तू त्यांचं नाव घेतलंस. तू घेतलं नव्हतंस. नवरा मरताना दाढेचं बोलला हे कसं सांगणार होतो? वहिनी दहा महिने त्या एका शब्दावर उभ्या आहेत. आता खरं सांगितलं तर कोसळतील, आणि नाही सांगितलं तर दर पंधरा दिवसांनी मी कोसळतो. काय करू ते तू सांग.'

जतन केलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा खांदे हलके वाटले.

२० मार्च, गुरुवार

उत्तर नाही. टकटकही झाली नाही. तिसऱ्या पायरीवर ताट नव्हतं. वहिनींना बरं नसेल. बिस्किटं खाल्ली.

२१ मार्च, शुक्रवार

उत्तर नाही. पण शेवटचा प्रवेश: काल, दुपारी २.५२. म्हणजे दादाने वाचलं. वाचून गप्प आहे.

ताट नाही. वरून चालण्याचा आवाज येतो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. पुतणीला फोन करून विचारावं का, की आईला ताप वगैरे आहे का? उद्या बघू. आज माझं चित्त थाऱ्यावर नाही. दादा कधी इतका वेळ गप्प राहत नसे. चिडला की लगेच बोलायचा.

२४ मार्च, सोमवार

चौकट कोरी.

माझं सगळं पुसलेलं. 'दादा?' पासून सगळं. त्याच्याही ओळी गेल्या. नुसती पांढरी चौकट, 'अधिक माहिती (असल्यास)'.

म्हणजे त्याने माफ केलं नाही. मी थांबवलं म्हणून नसेल चिडला, कामासाठी तो थांबलाच असता. त्याच्या नावावर खोटं खपवलं म्हणून चिडला. दादाचा सगळ्यावरचा राग निवळायचा, खोट्यावरचा निवळायचा नाही.

पाच दिवस बिस्किटांवर आहे. फळ्यांवरची चादर काढली. एकटा बसण्यापेक्षा ते जबडे परवडले.

२५ मार्च, मंगळवार

टकटक झाली. ताट होतं. वहिनी दिसल्या नाहीत. दोन घास खाल्ले आणि एवढं गरम अन्न बघून पुन्हा रडू आलं. म्हातारपण बरं नव्हे.

चौकट कोरीच.

२७ मार्च, गुरुवार

हे सावकाश लिहायला हवं.

दुपारी मदतवालीचा फोन आला. शेवटचे चार दिवस राहिले, आता मी सांगते तसं करा, म्हणाली. चौथं पान उघडलं. ती म्हणाली, "हे पान नुसतं बघता येतं, भरायला सहा आकडी क्रमांक लागतो. तो नोंदवलेल्या फोनवर येईल. तो टाकायचा."

"तो फोन माझ्या भावाचा आहे," मी म्हटलं. "तो बंद आहे. तो..." दादाचा फोन त्याच्याबरोबरच गेला असं मी धरून चाललो होतो. तो कुठे आहे हे मी कधी कोणाला विचारलंही नव्हतं.

"दाबून तर बघा."

दाबलं.

वर, माझ्या डोक्यावर, दादाचा फोन वाजला. तीच ती दोन सुरांची शीळ. आमच्या कानात बसलेली, दिवसातून पन्नास वेळा वाजणारी. माझ्या हातून फोन पडला. मग वर खुर्ची सरकली, पावलं जिन्यापर्यंत आली आणि वहिनींचा आवाज आला, सावकाश, एकेक आकडा सुटा करून.

"चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ."

मी टाकले. बोटं आपोआप गेली. पडद्यावर प्रश्न आला: हयात / मयत. मी संगणक बंद केला.

पावलं जिन्यात तशीच थांबली होती. मग परत गेली. फोनमधून मदतवाली "काका? काका, आहात ना?" म्हणत होती.

२८ मार्च, शुक्रवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जेवण गरम असताना खावं. अकरा जून. मागची कड. कुठे दाबू. सगळं सगळं समोर होतं, आणि मी भिंतीवरच्या जबड्यांना घाबरत बसलो.

म्हणजे एकोणीस तारखेचं ते सगळं त्यांनी वाचलं. त्या वरच्या खोलीत, एकटीने, दादाच्या फोनवर, त्यात त्याचं खातं उघडंच असणार. ज्या शब्दावर उभ्या होत्या तो मी माझ्याच हाताने काढून घेतला आणि वर वहीत लिहिलं की खांदे हलके वाटले.

दिवसभर बाहेर पडलो नाही. ताट आलं. उचलायला जाण्याची हिंमत झाली नाही, गार झालं. आजवर इथे एकाच माणसाची सावली होती. आता वर चालणाऱ्या जिवंत माणसाच्या पावलांना मी दचकतो.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. अकरा वाजता लॅबच्या दारावर टकटक झाली. पायरीवर नाही, दारावर. वहिनी उभ्या होत्या, हातात दादाचा फोन आणि चष्मा. दहा महिन्यांत पहिल्यांदा खाली आल्या.

"आज मुदत संपते," म्हणाल्या. "लेक सकाळपासून तीनदा ओरडली माझ्यावर. उघडा ते."

मी बाकावर सरकलो. त्या सरळ गेल्या आणि दादाच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं, फळ्यांकडे बघितलं. "धूळ किती ही," म्हणाल्या.

चौथं पान उघडलं. क्रमांक मागितला. त्यांच्या हातात शीळ वाजली, त्यांनी आकडे वाचले, मी टाकले. प्रश्न आला. मी बोट ठेवून बसलो. ते 'हयात'वर होतं हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "शेवटी काय म्हणाले ते?"

त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तरी तोंडावर आलं ते 'तुमचं नाव घेतलं' हेच. इतक्या वेळा म्हटलेलं, जिभेला सवय झालेली. मी ते गिळलं.

"म्हणाला, खालची डावी दाढ उंच आहे. घास ती."

त्यांनी फोनचा काळा पडदा पदराने पुसला. मला वाटलं आता उठून जातील आणि वरचं दार कायमचं लागेल.

"एकतीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही," वहिनी म्हणाल्या. "अगं. ऐकलंस का. लेक झाल्यावर हिची आई. लग्नातसुद्धा चारदा म्हणायला लावलं तेव्हा पुटपुटले. तुम्ही त्या दिवशी येऊन सांगितलंत तेव्हाच मला कळलं, की तुम्ही खोटं बोलताय."

एकतीस वर्षं एका घरात राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान माणसाला शोभेल असं तरी बोलावं.

"मग दर वेळी विचारत का होता?"

"म्हटलं, कधीतरी खरं सांगाल." त्यांचा आवाज चढला नाही. "थांबवलंत त्याचं मी काही म्हणत नाही. ते थांबले असतेच. पण दाढेचं तर दाढेचं, शेवटचे शब्द होते ते माझ्या नवऱ्याचे. दहा महिने तुम्ही एकट्याने ठेवून घेतलेत."

मी बोट उचललं.

मी 'मयत' दाबलं. तारीख मागितली, ती त्यांनी सांगितली. व्यवसाय बंद की चालू? "चालू," त्या म्हणाल्या. नव्या मालकाचं नाव. मी त्यांच्याकडे बघितलं. "तुमचं लिहा. मला काय दात बसवता येतात?" दिवंगत मालकाशी नातं: भाऊ. मग खात्याने विचारलं, जुन्या खात्यातल्या नोंदी यापुढे दिसणार नाहीत, पुढे जायचं का. वहिनींनी स्वतःच हात पुढे करून 'होय' दाबलं. तीन-चार सेकंद काहीच झालं नाही, मग माझं नाव आलं आणि नावाखाली क्रमांक. तो कागदावर उतरवून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या दोन जबड्यांचे ठसे पाठवते."

आता वहिनी उठतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या उठल्या नाहीत. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कसं म्हणाले? म्हणजे, कुठल्या आवाजात?"

"चिडून," मी म्हटलं. "नेहमीसारखं."

"तसं सांगा."

मला नाही म्हणता येईना. मी घसा खाकरला आणि दादाच्या आवाजात म्हटलं, तोच कंटाळा, तीच 'घास'वरची आपटी. "खालची डावी दाढ उंच आहे. घास ती." दादा खोलीतच होता.

वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. गालावरून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.